चौकमधून दिसणारे दोन डोंगर: कर्जत-खालापूरचे प्रवासी आणि त्यांना वाहून नेणारे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आज एक शब्द वारंवार वाचायला मिळतो: बाली. बाली शैलीचा व्हिला, बालीसारखा जलतरण तलाव, मुंबईच्या उंबरठ्यावर बालीचा अनुभव. छायाचित्रांत बांबूचे छत असते, दगडी बुद्धमूर्ती असते, निळ्या पाण्यामागे सह्याद्रीची भिंत असते. (बाली हे प्रामुख्याने हिंदू बेट आहे, आणि बौद्ध वारसाच हवा असेल तर कर्जतपासून जवळच कोंढाण्याची दोन हजार वर्षांची लेणी आहेत, पण जाहिरातीला इतका तपशील परवडत नाही.)

एका प्रदेशाने दुसऱ्या प्रदेशाचे नाव उसने घेऊन स्वतःला विकावे, यात नवे काही नाही. मात्र या उसनवारीच्या मुळाशी इतिहासाचा एक गंभीर प्रश्न आहे. एखादा मुलूख ‘पाहण्याजोगा’ केव्हा ठरतो? तो तसा कोण ठरवतो? आणि प्रवासी तो मुलूख पाहत असताना तिथे राहणारी माणसे काय करत असतात?

स्वतः बालीचे उदाहरण पाहावे. सप्टेंबर १९०६मध्ये डच सैन्य दक्षिण बालीत उतरले, तेव्हा बादुंगचा राजा आपल्या परिवारासह पांढरी वस्त्रे नेसून बंदुकांसमोर चालत गेला. शरण जाण्याऐवजी मरण पत्करण्याच्या या कृतीला बाली भाषेत ‘पुपुतान’ म्हणतात. १९०८मध्ये क्लुंगकुंग येथे त्याचीच पुनरावृत्ती झाली आणि संपूर्ण बेट डचांच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी बटाविया, म्हणजे आजच्या जकार्तामध्ये, सरकारी आश्रयाने पर्यटन कार्यालय सुरू झाले. पुढच्या दशकात बालीच्या जाहिराती छापल्या जाऊ लागल्या आणि १९२८मध्ये देनपसार शहरात, जिथे १९०६चा संहार झाला होता, तिथेच आगबोट कंपनीचे हॉटेल उभे राहिले. आज पर्यटक ज्याला प्राचीन बाली नृत्य समजतात, त्या ‘केचक’ला सध्याचे रूप १९३०च्या दशकात मिळाले. जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस आणि स्थानिक नर्तक यांनी मिळून ते प्रेक्षकांसाठी घडवले. ‘अस्पर्श स्वर्ग’ नावाची ही गोष्ट तोफांचा धूर विरल्यानंतर लिहिली गेली.

कर्जत-खालापूरला असा स्वर्ग कोणी म्हटले नाही. परंतु इथेही डोंगर आधी अडथळा होता, मग रस्ता झाला, आणि फार उशिरा देखावा झाला. या तिन्ही अवस्थांत एक गोष्ट कायम राहिली. प्रवाशाचे नाव कागदावर उरले, आणि त्याला वर नेणाऱ्याचे उरले नाही.

हे समजून घेण्यासाठी नकाशा उघडावा. एका बाजूला कोकणची सखल पट्टी, दुसऱ्या बाजूला दख्खनचे पठार, मध्ये सह्याद्रीचा कडा. घाटमाथा आणि बंदरे यांच्यात व्यापार करायचा तर या कड्यातून वाट काढणे भाग होते. बोरघाट ही त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची वाट, आणि तिच्या पायथ्याशी खोपोली. राजमाचीच्या कुशीतली कोंढाणे लेणी याच जुन्या वाटांच्या जाळ्यावर आहेत. तिथल्या एका शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवले, एवढाच त्याचा आशय. या मुलखातल्या सर्वांत जुन्या लिखित नावांपैकी एक नाव असे हाताने काम करणाऱ्याचे आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे अशी नावे दुर्मीळ होत जातात.

सतराव्या शतकात हाच मुलूख एका परक्या सेनापतीने अनुभवला. फेब्रुवारी १६६१मध्ये कारतलबखान मोठ्या फौजेनिशी लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरू लागला आणि आजच्या खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, उंबरखिंडीत अडकला. दोन्ही अंगांना झाडी, अरुंद वाट, पाण्याची टंचाई. पुढची आणि मागची तोंडे शिवाजी महाराजांच्या सैन्याने रोखलेली. सामानसुमान टाकून खानाला सुटका करून घ्यावी लागली. इथे जिंकले ते भूमीचे ज्ञान. पायवाटा कुठे फुटतात, झरे कुठे आटतात, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्या बाजूने डोंगर उभा राहिला. हे ज्ञान इथल्या गावकऱ्यांचे आणि रानात राहणाऱ्यांचे होते.

पेशवाईत बोरघाट ही पुण्याला मुंबईशी जोडणारी वाट झाली. नाना फडणवीसांनी खोपोलीत मंदिर आणि मोठा तलाव बांधला. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर थकल्या वाटसरूला पाणी आणि सावली मिळावी, हा त्यामागचा साधा हिशेब. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या वाटेने गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी नानांच्या तलावाची आठवण नोंदवून ठेवली आहे. १८०४मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया हा उमराव चित्रकार हेन्री सॉल्टसह इथून पुण्याला गेला. १८०९च्या अखेरीस मारिया ग्रॅहम ही चोविशीतली इंग्रज तरुणी आली. तिचे प्रवासवर्णन १८१२मध्ये प्रसिद्ध झाले. १८२५मध्ये कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हीबर याच घाटाने चढला.

या तिघांचा मार्ग साधारण एकच होता. मुंबईहून नावेने पनवेल, तिथून पालखीने किंवा घोड्याने चौक-खालापूरवरून खोपोली, मग घाट, आणि वर पोहोचल्यावर कार्ल्याची लेणी. त्यांच्या लेखनात दऱ्यांचे, धुक्याचे, झाडीचे वर्णन आहे. वास्तूंबद्दलचे कुतूहलही खरे आहे. मारिया ग्रॅहमची नजर तर अनेक पुरुष लेखकांपेक्षा अधिक मोकळी आहे. तरीही वाचताना एक विचित्र जाणीव होते. हे सारे सौंदर्य पालखीतून दिसते आहे, आणि पालखी कोणाच्या तरी खांद्यावर आहे. मुंबई-पुण्यातला साहेब प्रवासाला निघाला की भोई आणि हमाल यांचा मोठा ताफा लागे. टप्प्याटप्प्यावर माणसे बदलत. एक तुकडी थकली की दुसरी खांदा देई. चढावर पालखीचा तोल सांभाळायचा तर पुढच्यांना दांडी खाली धरावी लागते आणि मागच्यांना वर, उतारावर उलटे. पावसात लाल माती निसरडी होते, तेव्हा पायाच्या बोटांनी जमीन धरून चालावे लागते. हे कौशल्य कोणत्याही शाळेत शिकवले जात नव्हते आणि त्याचे श्रेय कोणत्याही प्रवासवर्णनाच्या शीर्षकात आले नाही.

१० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला. पेशवाई संपून बारा वर्षे झाली होती. आता बैलगाडी, घोडागाडी आणि टपाल घाट चढू लागले. प्रवास सुकर झाला, आणि नेमक्या याच क्षणापासून डोंगराकडे बघण्याची दृष्टी पालटू लागली. चढण्याची दमछाक कमी झाल्याशिवाय कोणी दृश्याचे कौतुक करत बसत नाही.

इथे चौक या गावाकडे वळायला हवे.

चौक हे खालापूर तालुक्यातले, पनवेल-खोपोली वाटेवरचे गाव. नेताजी पालकरांचे गाव अशी त्याची परंपरेने ओळख. गावात उभे राहिले की एका अंगाला माथेरानचा लांबरुंद पठारी डोंगर दिसतो आणि जवळच इर्शाळगडाचा टोकदार सुळका. दोन्ही डोंगर सारखेच जुने, दोन्हींच्या अंगाखांद्यावर रान, दोन्हींवर ठाकर आणि धनगर वस्तीची ये-जा. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत मात्र या दोन डोंगरांचे नशीब वेगवेगळ्या दिशांना गेले.

मे १८५०मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याचा मुक्काम चौकला होता. उन्हाळ्याचा कडाका होता. तो माथेरानचा डोंगर चढून गेला. वर गर्द झाडी, थंड वारा आणि पाणी पाहून त्याला हे ठिकाण हवापालटासाठी उत्तम वाटले. त्याच वर्षी तो पुन्हा आला, पुढे त्याने तिथे घर बांधले, आणि आज प्रत्येक पर्यटन पुस्तिकेत ‘१८५०मध्ये मॅलेटने माथेरानचा शोध लावला’ हे वाक्य छापले जाते.

‘शोध’ हा शब्द इथे तपासून घ्यावा. मॅलेट ज्या बाजूने चढला, तिथल्या वाटेला आजही ‘शिवाजीची शिडी’ म्हणतात. कुणी तरी आधी चालले असल्याखेरीज वाटेला नाव पडत नाही. माथ्यावर पिसारनाथाचे ठाणे आहे. स्थानिक लोक त्याला ग्रामदैवत मानतात. माणूस राहत नाही तिथे ग्रामदैवत नसते. खुद्द ‘माथेरान’ हे नावही, माथ्यावरचे रान म्हणा किंवा मातेचे रान म्हणा, शुद्ध मराठी आहे आणि मॅलेटने ते दिलेले नाही. धनगर इथे गुरे चारत, ठाकर आणि कातकरी मध, कंद, लाकूड, रानभाज्या यांसाठी वर येत. मॅलेटने जे केले त्याला शोध म्हणण्यापेक्षा नोंदणी म्हणणे अधिक अचूक ठरेल. एका ओळखीच्या डोंगराची सरकारी कागदावर, थंड हवेचे ठिकाण म्हणून, नोंद झाली.

नोंदीपाठोपाठ नावे आली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने या ठिकाणाला आश्रय दिला, नेरळच्या बाजूने वाट सुधारली, बंगले उभे राहिले. डोंगराच्या प्रत्येक नाकाला इंग्रजी नाव मिळाले: लुईझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, तलाव झाला शार्लोट लेक. रामबाग, गारबट अशी थोडी मराठी नावे तेवढी टिकली. पिसारनाथाचे देऊळ आज शार्लोट लेकच्या काठी आहे, असे सांगितले जाते. खरे तर तलाव देवाच्या शेजारी आला. देव तलावाच्या काठी आला नाही.

१८७१मध्ये जे. वाय. स्मिथ याने माथेरानवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकाचा मराठी अर्थ ‘माथेरानचा डोंगर: त्यावरील माणसे, वनस्पती आणि प्राणी’ असा होतो. काळाचा विचार करता पुस्तक अभ्यासपूर्ण आहे, परंतु शीर्षकातली ती यादी बोलकी आहे. डोंगरावरची माणसे वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या ओळीत, निरीक्षणाचा विषय म्हणून. निरीक्षण करणारा मात्र यादीबाहेर. सह्याद्रीतल्या ठाकरांविषयी स्वतंत्र आणि सविस्तर अभ्यास एका मराठी माणसाने, ल. ना. चापेकरांनी, इंग्रजीत प्रसिद्ध केला तो १९६०मध्ये. म्हणजे मॅलेटनंतर ११० वर्षांनी.

डोंगर असा नावारूपाला येत असताना खाली बोरघाटात दुसरे काही घडत होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५६मध्ये खोपोलीपर्यंत आली. घाटावरची खंडाळा-पुणे गाडी १८५८मध्ये सुरू झाली. मधला घाट अजून कोरायचा होता. त्यामुळे काही वर्षे प्रवासी मुंबईहून आगगाडीने खोपोलीला येत, तिथे पालखी, तट्टू किंवा गाडी करत, घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसत. वाफेचे यंत्र आणि माणसाचा खांदा एकाच तिकिटाच्या प्रवासात असे जोडले गेले होते.

घाटातले काम मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्या आराखड्याप्रमाणे चालले. २५ बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल, आणि हे सारे सुरुंग, पहार, घमेले यांच्या बळावर. जानेवारी १८६१मध्ये कामावरील माणसांची संख्या ४२,००० वर गेली होती. जानेवारी १८५९मध्ये मजुरीवरून इथे दंगा उसळला आणि पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने मरण पावला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःच्या हाती घेऊन काम तडीस नेले. तिची कहाणी आज आवडीने सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगी आहेच. मात्र कॉलऱ्याने आणि तापाने छावण्यांत मेलेल्या हजारो मजुरांच्या नावांची यादी कुठेही लागलेली नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. आज मंकी हिल ओलांडताना प्रवासी दाराशी उभे राहून धबधब्यांची चित्रफीत काढतात. ज्या कठड्यावरून ते दृश्य दिसते, तो कठडा कोणी रचला हे चित्रफितीत येत नाही. येण्याची सोयही नाही.

माथेरानची छोटी गाडी हा या कथेतला लाडका अध्याय. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळपासून वर, दोन फूट रुंदीचा, सुमारे २१ किलोमीटरचा लोहमार्ग बांधला. वळणे इतकी तीव्र की डब्यातून स्वतःच्याच गाडीचे इंजिन समोर दिसावे. त्याच १९०७मध्ये चिंतामणराव वैद्यांनी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला. गोडसे शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे. घरावरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला १८५७मध्ये ते उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. एकाच वर्षी एकीकडे हौसेच्या प्रवासाचा रूळ खुला झाला आणि दुसरीकडे गरजेच्या प्रवासाचे पुस्तक छापून आले. या परिसरातून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य माणसांचा प्रवास दुसऱ्या जातीचा होता. खैराच्या लाकडापासून कात काढणारे कातकरी जंगल कायद्यांमुळे त्या धंद्याला मुकले. कोळसाभट्ट्या आणि वीटभट्ट्या यांमागे दरवर्षी स्थलांतर करणे हाच त्यांचा प्रवास झाला.

पाण्याची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण आजचा पर्यटक इथे येतो तो मुख्यतः पाण्यासाठी. १९१५मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीला सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेले पाणी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली आणायचे, त्यावर चक्रे फिरवायची आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. १९२२मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र आले. ज्या कड्यावरून कोसळणारे पाणी मारिया ग्रॅहमच्या पिढीला काव्य वाटत होते, त्याच कड्याची उंची आता यंत्रशास्त्राच्या गणितात बसली. केंद्रातून सुटलेले पाणी खाली वाहते. खोपोलीचे पाताळगंगेत जाते आणि भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालव्यातून कर्जत परिसरात उन्हाळी भातशेती होते. एप्रिलमध्ये चहूकडचा डोंगर करडा पडलेला असताना कर्जतची जी हिरवी खाचरे पाहुण्यांना भुरळ घालतात, ती वीजकेंद्राच्या वेळापत्रकावर हिरवी राहतात.

बालीशी खरे साम्य शोधायचे तर ते इथे आहे. तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांमागे ‘सुबक’ नावाची शेतकऱ्यांची पाणीवाटप संस्था आहे. कोणत्या खाचराला केव्हा पाणी सोडायचे, हे जलमंदिरांच्या साखळीतून ठरते. १९७०च्या दशकात सरकारने हे वेळापत्रक बाजूला सारून सर्वांना वाटेल तेव्हा भात लावायला सांगितले आणि किडीने पिके खाल्ली. मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी १९९१च्या आपल्या पुस्तकात हे दाखवून दिले. २०१२मध्ये युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पर्यटक तिथेही हिरवा रंग पाहून जातो. त्या रंगाखालचा करार त्याला दिसत नाही.

खोपोली-भिवपुरीच्या विजेच्या तारा खांबांवरून कर्जतच्या शेतांवरून मुंबईकडे जात. खालच्या वाड्यांत दिवा रॉकेलचा. या तारांकडे वेगळ्या नजरेने पाहणारा माणूस माथेरानमध्येच जन्मला. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, नाभिक कुटुंबातले. हवापालटासाठी आलेल्या धनिकांची सेवा करणाऱ्या गावातला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. पावसाळ्यात ठाकर-कुळवाडी उपाशी पडतात आणि सावकाराकडून घेतलेल्या खावटीपायी पुढचे पीक गहाण टाकतात, हे पाहून त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या. १९४२मध्ये भूमिगत होऊन त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. युद्धकाळातल्या गिरण्यांचा प्राण कुठून जातो हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि रात्री डोंगरातून वाट काढणारे साथीदार त्यांच्याजवळ होते. उंबरखिंडीत उपयोगी पडलेले ज्ञान पुन्हा एकदा कामी आले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानच्या पॉइंटांची नावे पाठ असणाऱ्या किती पाहुण्यांना हे नाव ठाऊक असते?

आता चौकमधून दिसणाऱ्या दुसऱ्या डोंगराकडे.

इर्शाळगडावर कोणी कलेक्टर राहायला गेला नाही. तिथे बंगले झाले नाहीत, रूळ चढले नाहीत. गडाच्या पोटाशी इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी राहिली. गाडीरस्ता नव्हता, पायथ्यापासून तासाभराहून अधिक चढण. गेल्या काही दशकांत गिर्यारोहक या वाडीच्या ओळखीचे झाले. सुळक्याच्या नेढ्याकडे जाताना किंवा परतताना वाडीतल्या अंगणात बसावे, चहा-भाकरी घ्यावी, पावसाळ्यात रात्रीचा मुक्काम करावा, वाट दाखवायला घरातला पोरगा सोबत घ्यावा. बोरघाटातल्या भोयांचे काम इथे वाटाड्याच्या आणि यजमानाच्या रूपात चालू होते, थोड्या अधिक सन्मानाने. अनेक ट्रेकर्सना वाडीतली माणसे नावानिशी ठाऊक होती. या इतिहासात तेवढी प्रगती झाली होती.

१९ जुलै २०२३च्या रात्री मुसळधार पावसात वरचा कडा वाडीवर कोसळला. वाडीत २२८ माणसे राहत होती. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे कधीच सापडली नाहीत. शोधकार्य चार दिवसांनी थांबवण्यात आले. रस्ता नसल्याने खोदकामाची अवजड यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. जवानांनी हातांनी, फावड्या-कुदळींनी ढिगारे उपसले. मदतीला चढणाऱ्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा वाटेतच मृत्यू झाला. त्या वाटा पाठ असलेले ट्रेकर्स मदतकार्यात उतरले, कारण वाडी नेमकी कुठे आणि कशी आहे हे त्यांना माहीत होते. सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे विधिमंडळात सांगण्यात आले.

यादी हा शब्द पुन्हा आला. १८७१च्या पुस्तकात माणसे वनस्पती-प्राण्यांच्या यादीत होती. २०२३मध्ये ती आवश्यक त्या यादीत नव्हती. मधल्या दीडशे वर्षांत शेजारच्या माथेरानच्या प्रत्येक पॉइंटचा नकाशा झाला. फेब्रुवारी २००३मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. झाडे, कडे, पाणी यांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते. मात्र ज्या सह्याद्रीच्या कड्यांना आपण संवेदनशील म्हणतो, त्यांच्या पोटाशी राहणारी माणसे किती संवेदनशील अवस्थेत राहतात, याची मोजणी माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडीनंतर होते. वाचलेल्या कुटुंबांना पुढे चौकजवळ नवी घरे बांधून देण्यात आली. ही माणसे आता खालून डोंगर पाहतात, ज्या जागेवरून १८५०मध्ये कलेक्टरने पाहिला होता.

माथेरानच्या माथ्यावर मात्र खांद्याचा इतिहास अलीकडेपर्यंत चालू होता. मोटारींना बंदी असल्यामुळे सामान आणि माणसे नेण्यासाठी घोडे आणि हातरिक्षा. चढाला एक माणूस दांडी ओढतो, बाकीचे मागून रेटा देतात. उताराला तेच हात गाडी रोखून धरतात. पालखीच्या दांडीचे तंत्रच चाकांवर आले होते. प्रदूषण नाही म्हणून पाहुण्यांना हे वाहन आवडे. माणसाचा दम प्रदूषणात मोजला जात नसावा. रिक्षा ओढणाऱ्यांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनी ई-रिक्षांची मागणी लावून धरली. डोंगराची शांतता बिघडेल, असा त्याला विरोधही झाला. घोडेवाल्यांच्या पोटाचा प्रश्न त्यात होता आणि तो खोटा नव्हता.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी असून राज्यघटनेने दिलेल्या सामाजिक-आर्थिक न्यायाच्या वचनाशी विसंगत आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. १९८०मध्ये पंजाबातल्या सायकलरिक्षा चालकांच्या खटल्यात हेच न्यायालय रिक्षावाल्यांच्या बाजूने उभे राहिले होते. त्यालाही पंचेचाळीस वर्षे उलटून गेल्याची आठवण या निकालात आहे. हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने मिळाव्यात, त्यासाठी राज्य सरकारने योजना आखावी आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले. ई-रिक्षांची संख्या स्थानिक गरजेनुसार ठरवायची असून त्या आधी रिक्षा ओढणाऱ्यांना आणि मग तिथल्या इतर गरजूंना, आदिवासी स्त्रियांना, द्यायच्या आहेत.